भाड्याच्या घराची बाजू

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली आहे. या दोन कार्यांत पैसा किती, श्रम किती आणि मनस्ताप किती, याची कल्पना तीं स्वतः केल्यावांचून येत नाहीं, असा तिचा अर्थ. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं ती इशारा म्हणून सांगून ठेवली. आपण मात्र तिला आज्ञा समजलों. लग्न न केलेल्या माणसाकडे आणि घर न घेतलेल्या माणसाकडे समाज आज सारख्याच कींवेनें पाहतो. पहिल्याला कोणी विरक्त तरी म्हणेल. दुसऱ्याला नादानच म्हणतात.

मी त्या दुसऱ्या वर्गांतला आहें. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना गणित आणि मराठी शिकवून मी निवृत्त झालों. निरोपाच्या समारंभांत एका सहकाऱ्यानें मोठ्या आपुलकीनें विचारलें, "गुरुजी, आतां स्वतःचें घर केव्हां?" "केव्हांहि नाहीं," असें मीं उत्तर दिलें, तेव्हां सभेंत हंशा पिकला. मीं विनोद केला असें मंडळींना वाटलें. तो विनोद नव्हता, हें आज सांगावयाचें आहे. स्वतःचें घर कोणीं घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं. भाड्याच्या घरांत राहणें हें दारिद्र्याचें किंवा आळसाचें लक्षण नसून तो विचारपूर्वक पत्करलेला जीवनक्रमहि असूं शकतो, एवढाच माझा मुद्दा आहे. मात्र त्या जीवनक्रमाची किंमत कोणाकोणाला द्यावी लागते, हेंहि मी लपविणार नाहीं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, शहरांत घर 'विकत घेण्या'ची कल्पना आपण समजतों तितकी पुरातन नाहीं. खेड्यांत घर वडिलार्जित असे. शहरांत तें बहुधा भाड्याचें असे. मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली आणि तिच्या पाठोपाठ १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें चाळी उठविल्या. या सर्व भाड्याच्या. गिरगांवच्या चाळींतील दोन खोल्यांत कारकून, शिक्षक, वकील आणि लेखक जन्मभर राहिले. त्यांनीं तेथें मुलांच्या मुंजी केल्या, लेकी उजविल्या, आणि आपण कोठें कमी आहों असें त्यांना वाटलें नाहीं. १९१५ सालीं श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था निघाली. आपल्या देशांतील अशा संस्थांचा तो आरंभ मानला जातो. पुढें फ्लॅटच्या मालकीचा व्यवहार इतका वाढला कीं, तो कायद्याच्या चौकटींत बसविण्यासाठीं महाराष्ट्रांत १९६३ सालीं स्वतंत्र अधिनियम करावा लागला. तेव्हां ज्या गोष्टीवांचून मनुष्याचें आयुष्य व्यर्थ असें आज सांगितलें जातें, ती आपल्या मध्यम वर्गाच्या हातीं येऊन फार तर दोनतीन पिढ्या झाल्या आहेत.

मालकीचें ओझें म्हणजे काय, तें मीं दोन ठिकाणीं जवळून पाहिलें. पहिलें ठिकाण आमचें रत्नागिरी जिल्ह्यांतील वडिलार्जित घर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलें, पुढें ओटी, मागें पडवी. मे महिन्यांत पाहुण्यांनीं वाखाणावें असें. पण घर पाहुण्यांच्या वाखाणण्यावर उभें राहत नाहीं. दरवर्षीं पाऊस तोंडावर आला कीं शाकारणी आली. फुटकीं कौलें बदलावयाचीं, माकडांनीं विसकटलेलीं सारखीं करावयाचीं, वाळवीनें पोखरलेला वासा काढावयाचा. गडी मिळत नाहींत. मिळाले तर देखरेखीस कोणी नाहीं. माझे वडील पुण्याहून दरवर्षीं मनिऑर्डर करीत आणि शाकारणी खरोखर झाली कीं नाहीं हें पुढच्या मे महिन्यांत गळक्या जागा मोजून ठरवीत. आजोबांच्या पश्चात् उताऱ्यावर पांच नांवें चढलीं. आज तीं सतरा आहेत. सतरांपैकीं चौघे परदेशीं, दोघांचें एकमेकांशीं बोलणें नाहीं, आणि एकीचा पत्ता कोणास ठाऊक नाहीं. घर विकावयाचें तर सतरा सह्या पाहिजेत. दुरुस्त करावयाचें तर मात्र एकच खिसा पाहिजे, आणि तो कोणाचा, हा प्रश्न गेलीं वीस वर्षें सुटलेला नाहीं. माजघराचें छप्पर २०१९ च्या पावसांत बसलें. सतरा मालकांचें घर, आणि त्यांत आज राहतो एक मांजर.

दुसरें ठिकाण माझ्या मेहुण्यांचा फ्लॅट. त्यांनीं तो १९९० च्या सुमारास मोठ्या हौसेनें घेतला. वास्तुशांतीच्या दिवशीं त्यांनीं मला खिडकींतून टेकडी दाखविली. पांच वर्षांत टेकडी झांकली गेली. पुढें वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांतून पाणी झिरपूं लागलें. वरचे म्हणत, पाइप सोसायटीचा; सोसायटी म्हणे, फरशी वरच्यांची; आणि ओल मात्र निर्विवादपणें माझ्या मेहुण्यांची. देखभालखर्च, दुरुस्तीनिधि, महापालिकेचा मिळकतकर, गाडी कोठें उभी करावी याचा तंटा, वार्षिक सभेंतील आरडाओरड, हें सर्व दरसाल ठरलेलें. इतकें करून पायाखालची जमीन त्यांच्या संस्थेच्या नांवावर झालेलीच नव्हती. बांधणाऱ्यानें ती दिलीच नाहीं. असें पुष्कळ ठिकाणीं झालें, म्हणूनच २००८ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय झाली. आतां इमारत जुनी झाली म्हणून पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालल्या आहेत, आणि सत्तरी ओलांडलेले माझे मेहुणे, ज्यांनीं भाडेकरू व्हावयाचें नाहीं म्हणून घर घेतलें, ते इमारत पाडल्यावर तीन वर्षें भाड्यानें कोठें राहावें याचा शोध घेत आहेत.

आतां थोडें गणित मांडतों. शाळामास्तराची खोड आहे, क्षमा असावी. समजा, एक फ्लॅट साठ लाख रुपयांचा आहे. बारा लाख जवळचे घालून अठ्ठेचाळीस लाखांचें कर्ज शेकडा साडेआठ व्याजानें वीस वर्षांसाठीं काढलें, तर महिन्याचा हप्ता सुमारें एकेचाळीस हजार सहाशें रुपये होतो. दोनशें चाळीस हप्ते भरून झाले म्हणजे अठ्ठेचाळीस लाखांच्या जागीं जवळजवळ एक कोटि रुपये दिले गेले. याशिवाय पुण्यांत खरेदीच्या वेळीं मुद्रांकशुल्क शेकडा सात धरलें, तर चार लाख वीस हजार आणि नोंदणीचे तीस हजार, मिळून साडेचार लाख, घराचें कुलूप उघडण्यापूर्वींच गेले. तसलाच फ्लॅट पंधरा हजार रुपये भाड्यानें मिळत असेल, आणि आपल्या मोठ्या शहरांत वर्षाचें भाडें घराच्या किंमतीच्या शेकडा अडीचतीनच असतें, तर नुसत्या मुद्रांक व नोंदणीच्या पैशांत अडीच वर्षें राहतां येतें. हप्ता आणि भाडें यांत आरंभीं महिन्याला सव्वीस हजारांचें अंतर पडतें.

येथें कोणी म्हणेल, "गुरुजी, भाडें दरवर्षीं वाढतें, हप्ता वाढत नाहीं, घराची किंमतहि चढते, आणि वीस वर्षांनीं त्याच्याजवळ घर असतें, तुमच्याजवळ पावत्या." हा आक्षेप खरा आहे. व्याजाचा दर बदलला तर हप्ताहि बदलतो, हें खरें असलें तरी आक्षेप त्यानें खोटा पडत नाहीं. माझें गणित एकाच अटीवर बरोबर ठरतें: जें अंतर वांचलें तें खरोखर बाजूस पडलें पाहिजे. भाड्यानें राहून वांचलेले पैसे ज्यानें हॉटेलांत आणि सहलींत उडविले, त्यानें घर घेतलें असतें तर बरें झालें असतें. कारण बँकेचा हप्ता ही पुष्कळांच्या बाबतींत सक्तीची बचतच असते. ज्याला स्वतःवर सक्ती करतां येत नाहीं, त्यानें ती बँकेकडून करून घ्यावी. मीं दरमहा पगाराच्या दिवशीं प्रथम पोस्टांत पैसे भरले आणि मग वाण्याचें बिल दिलें. त्यावर माझ्या मुलीचें शिक्षण झालें, आईचें आजारपण निभावलें, आणि कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं. घराच्या हप्त्यांत बांधला गेलों असतों तर या तीन गोष्टींपैकीं एखादी सोडावी लागली असती, हें मीं वहींत मांडून पाहिलेलें आहे.

पैशाहून मोठी गोष्ट मोकळेपणाची. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधांत यदुराजास अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. त्या गुरूंत एक सर्प आहे. तो स्वतः घर बांधीत नाहीं, दुसऱ्यानें केलेल्या बिळांत सुखानें राहतो. घर उभारण्याचा खटाटोप दुःखाचें मूळ आहे, असा धडा अवधूत त्याच्यापासून घेतो. याच स्कंधावर एकनाथमहाराजांनीं आपली टीका १५७३ सालीं काशीस पूर्ण केली. नाथ स्वतः पैठणचे संसारी गृहस्थ होते. अवधूताचा धडा संसारी माणसाच्या कानावर घालावा असें त्यांना वाटलें, यांतच कांहीं तात्पर्य असावें. अर्थात् सापाला मुलें शाळेंत घालावयाचीं नसतात आणि शिधापत्रिकेवर पत्ता बदलावयाचा नसतो, हें मला ठाऊक आहे. तरी माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोंकाच्या शाळेंत झाली तेव्हां महिन्याभरांत मी शाळेजवळ राहावयास गेलों, आणि माझे घरमालक असलेले सहकारी रोज दोन बस बदलून येत राहिले, त्या वेळीं त्या सापाची मला आठवण झाली.

येथवर मीं भाडेकऱ्याचें सुख सांगितलें. पण तें सुख कोणाच्या जिवावर असतें, हें सांगितलें नाहीं तर मी अर्धेंच खरें बोललों असें होईल. माझा जन्म पुण्याच्या पेठेंतील एका वाड्यांत झाला. नऊ बिऱ्हाडें होतीं. मालकीणबाईंना आम्ही सर्व काकू म्हणत असूं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच आधारभूत ठरविलें होतें. युद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकऱ्याला रस्त्यावर येऊं द्यावयाचें नाहीं, हा त्याचा हेतु योग्यच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडें गोठलेलें राहिलें. आमचें भाडें बावीस रुपये होतें. नऊ बिऱ्हाडांचें मिळून दोनशेंच्या आंतबाहेर. १९९४ च्या पावसांत मागची पांढरीच्या मातीची भिंत ढांसळली. काकू प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारीं आल्या आणि म्हणाल्या, "मला एकटीला झेपणार नाहीं, थोडी थोडी वर्गणी द्याल का?" रात्रीं आम्ही भाडेकरू चौकांत जमलों. एकानें कायद्याचें पुस्तक आणलें होतें. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे, असें त्यांत स्पष्ट होतें. एकदां दिलें तर पायंडा पडेल, असें ठरलें. हात वर झाले. त्यांत माझाहि होता.

तीन वर्षांनीं काकूंनीं वाडा एका बांधकाम करणाऱ्याला विकला आणि त्या भाच्याकडे राहावयास गेल्या. जातांना त्या प्रत्येकाच्या घरीं येऊन गेल्या. माझ्या मुलीच्या हातावर त्यांनीं अकरा रुपये ठेवले. त्या वेळीं माझ्या महिन्याच्या भाड्याची ती निम्मी रक्कम होती. मला ज्या ओझ्याचा कंटाळा होता तें ओझें नाहींसें झालेलें नव्हतें. तें काकू वाहत होत्या, आणि मीं त्याची किंमत दिलेली नव्हती, एवढेंच. पुढें १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यांत भाड्यांत दरवर्षीं शेकडा चार वाढ करण्यास मालकाला मुभा मिळाली. पण तोंपर्यंत पुण्याचे किती वाडे आणि मुंबईच्या किती चाळी बसल्या! म्हणून माझें पहिलें म्हणणें असें कीं, ज्याला भाड्यानें राहावयाचें आहे त्यानें योग्य भाडें वेळेवर द्यावें. घर धरून बसण्याला मी भाड्यानें राहणें म्हणत नाहीं.

वाडा गेला तेव्हां इतरांनीं नव्या इमारतींत जागा घेतली. मीं पैसे घेतले आणि भाड्याची जागा पाहिली. तेव्हांपासून आम्हीं चार घरें बदललीं. आजचा करार जुन्या भाडेकरारासारखा नाहीं. तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या परवानगीचा आहे. मुदत संपली कीं जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुपटीनें पैसे भरावे लागतात. मालकाला यांत जागा परत मिळण्याचा भरंवसा आहे, म्हणूनच ती भाड्यानें मिळते, हें न्यायाचें आहे. पण भाडेकऱ्याच्या जिवाला घोर लागतो तोहि येथेंच. २०११ सालीं आमच्या मालकांनीं, गृहस्थ सज्जन होते, मुलगा परत येत असल्यामुळें जागा मोकळी करण्यास सांगितलें. दोन महिने आम्ही घरें पाहत हिंडलों. कोणी जात विचारी, कोणी आमची वृद्ध आई पाहून "पुढें कांहीं झालें तर" असें म्हणून दार लावी. एका संध्याकाळीं परत येतांना माझें कुटुंब जिन्यावर बसलें आणि म्हणालें, "आतां आपण पन्नाशींत आहों म्हणून हें जमतें. सत्तराव्या वर्षीं कोण जागा देईल आपल्याला?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. जें आहे तें सांगतों. एक, करार अकराच महिन्यांचा असावा असा नियम नाहीं. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानें आवश्यक केली, ती टाळण्याकरितां अकरा महिन्यांची वहिवाट पडली. महाराष्ट्रांत १९९९ च्या अधिनियमानें मुदत कितीहि असो, प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला पाहिजे असें ठरविलें आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. मग अकरा महिन्यांत काय राहिलें? साठ महिन्यांपर्यंत करार करतां येतो. भाडेवाढ आधींच ठरवून मी आतां तीन वर्षांचा करतों, आणि मालकांनाहि तें सोयीचें वाटतें. दोन, म्हातारपणीं भाडें कोठून द्यावयाचें हें तरुणपणीं ठरलेलें पाहिजे. मला निवृत्तिवेतन आहे. ज्याला तें नाहीं त्यानें माझें अनुकरण करतांना दहा वेळां विचार करावा. तीन, मालकाशीं नातें माणुसकीचें ठेवावें. गळती दिसली तर लगेच कळवावी, लहानसहान दुरुस्ती आपण करावी. काकूंच्या वाड्यांत जें मीं केलें नाहीं तें मी आतां करतों.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. भाड्यानें राहण्याचा निर्णय माझा होता. माझ्या कुटुंबाचा नव्हता. तिनें कधीं भांडण केलें नाहीं. परंतु भिंतींत खिळा मारावयाचा तर आधीं मालकांना विचारावें लागतें, याचें तिला वाईट वाटे, हें मला पुष्कळ उशिरा समजलें. तुळस तिनें चारहि घरांतून कुंडींत नेली. पारिजातक लावण्याची तिची इच्छा होती, तो कुंडींत नीट येत नाहीं. घराच्या जमाखर्चांत मीं व्याज, मुद्रांक, कर आणि दुरुस्ती यांचे रकाने आंखले. पारिजातकाचा रकाना आंखावयाचा राहून गेला. आज कोणी नवविवाहित तरुण मला विचारावयास आला, तर मी त्याला वही काढावयास सांगतों, हिशेब मांडून देतों, आणि तो बहुधा भाड्याच्या बाजूनेंच निघतो. मग मी त्याला सांगतों, "ही वही घरीं ने, आणि जिच्याबरोबर तुला राहावयाचें आहे तिला एक रकाना कोरा ठेवून दे. तो तिनें भरल्यावर मग बेरीज कर."

गेल्या वर्षीं आमच्या सध्यांच्या मालकांना मीं अंगणाच्या कोपऱ्यांत एक झाड लावूं का असें विचारलें. ते म्हणाले, "लावा कीं गुरुजी, पण तुम्ही गेल्यावर फुलें आम्हीच वेंचणार." मीं म्हटलें, "चालेल." झाड आतां कमरेइतकें झालें आहे. करार संपावयास अजून चौदा महिने आहेत.